लाल गोळीचा इतिहास आणि मुंबईच्या मुस्लिम बायका

पडघ्याच्या सरकारी दवाखान्यात नाव नोंदवलेल्या गरोदर बाईच्या हाती लाल गोळ्यांची पाकिटं पडतात. रोज एक, निदान १८० दिवस. आशाताई बजावतात, गोळी चहाबरोबर घेऊ नका, जेवल्यावर पाण्याबरोबर घ्या. आपल्या मोहल्ल्यात या गोळीबद्दल बरंच बोललं जातं. मळमळतं, शौचाला काळं होतं, पोर पोटात फार वाढतं आणि मग बाळंतपण अडतं. परिणामी कित्येक पाकिटं फडताळातच राहतात.

या गोळीत दोन गोष्टी असतात. ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. लोहाचं महत्त्व शाळेच्या पुस्तकात असतं. दुसऱ्या घटकाची गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. ती आपल्याला, म्हणजे महाराष्ट्रातल्या मुसलमानांना, माहीत असायला हवी. आज जगभरातल्या गरोदर बायकांना जे जीवनसत्त्व दिलं जातं, त्याचा पहिला माग मुंबईतल्या गरीब बायकांच्या आजारातून लागला आणि त्यांत सर्वाधिक ग्रासलेल्या होत्या त्या मुस्लिम बायका. वैद्यकाच्या इतिहासात त्यांची नावं नाहीत. त्यांच्या ताटात काय होतं आणि काय नव्हतं, एवढंच नोंदलं गेलं. माझ्या मते तीही मोठी नोंद आहे.

परळला आलेली डॉक्टरीण

१९२८ साली लूसी विल्स नावाची चाळिशीतली इंग्रज डॉक्टरीण मुंबईत आली. तिचा जन्म १८८८ चा, बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डचा. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजात ती वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्र शिकली होती. परीक्षा पास होऊनही केंब्रिज तेव्हा बायकांना रीतसर पदवी देत नसे. ते दार १९४८ मध्ये उघडलं. पुढे लंडनच्या बायकांसाठीच्या मेडिकल स्कूलमधून ती १९२० मध्ये डॉक्टर झाली आणि रॉयल फ्री हॉस्पिटलात गरोदर बायकांच्या शरीरातल्या रासायनिक बदलांवर काम करू लागली.

तिला मुंबईत बोलावून घेण्यामागे मार्गारेट बाल्फोर होत्या. हिंदुस्थानात अनेक वर्षं बायकांवर उपचार केलेल्या या स्कॉटिश डॉक्टरीणबाईंना एक प्रश्न सतावत होता. मुंबईत, विशेषतः कापडगिरण्यांशी जोडलेल्या श्रमिक वस्त्यांत, गरोदरपणी बायकांना एक विचित्र रक्तक्षय होत होता आणि त्यात त्या मरत होत्या. इंडियन रिसर्च फंड असोसिएशन, म्हणजे आजच्या आयसीएमआरची पूर्वज संस्था, मातामृत्यूंची चौकशी करत होती. लूसी विल्स त्या चौकशीत दाखल झाली. जागा मिळाली परळच्या हाफकिन इन्स्टिट्यूटमध्ये. हे जुनं गव्हर्नमेंट हाउस. १८९९ मध्ये हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा तिथे हलली आणि १९२५ मध्ये संस्थेला त्यांचं नाव मिळालं.

हा रक्तक्षय विचित्र का, ते समजून घेतलं पाहिजे. लोह कमी पडलं की रक्तातल्या तांबड्या पेशी लहान आणि फिकट होतात. या बायकांच्या पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठ्या होत्या, पण संख्येनं फार थोड्या. पेशीला दोन व्हायचं असेल तर तिला आधी आपल्या आतल्या डीएनएची नक्कल करावी लागते. त्यासाठी लागणारा माल कमी पडला की पेशी फुगत राहते, पण तिची विभागणी होत नाही. गरोदरपणात बाईच्या शरीरात नवीन पेशींची मागणी प्रचंड वाढते. बाळ, वार, वाढलेलं रक्त, सगळ्यांनाच तो माल हवा असतो. आईच्या साठ्यात खडखडाट असेल तर तिचं रक्त पहिल्यांदा मार खातं.

असाच मोठ्या पेशींचा एक रक्तक्षय पाश्चात्त्य डॉक्टरांना आधीपासून माहीत होता. त्यावर १९२६ मध्ये अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी उपाय शोधला होता, रोज भरपूर कलेजी खाऊ घालणं. पुढे त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. साहजिकच मुंबईचा आजारही तोच असावा असं अनेकांना वाटलं. विल्सबाईंना तसं वाटलं नाही. आधी जंतूंचा संशय तपासला, त्यातून काही निघालं नाही. मग त्यांनी मोर्चा वळवला तो स्वयंपाकघराकडे.

ताटाची तपासणी

तळपदे या सहकाऱ्यासोबत विल्स यांनी मुंबईतल्या वेगवेगळ्या थरांतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. ती १९३० मध्ये छापली गेली. आहार आणि रक्तक्षय यांचा संबंध त्यात स्पष्ट दिसला. ज्यांचा आहार सगळ्यात निकृष्ट, त्यांनाच हा आजार सगळ्यात जास्त होता आणि त्या होत्या गरीब मुस्लिम बायका. पॉलिश केलेला पांढरा तांदूळ, पांढरा पाव, थोडंफार कालवण. दूध, फळं आणि हिरवा पाला जवळजवळ नाहीच.

आजचा वाचक इथे थबकेल. मुसलमान आणि मांस नाही? मुसलमानाच्या घरी रोज गोश्त शिजतं ही समजूत तेव्हाही असेल, आजही आहे. गरिबाच्या घरी शोरबा असतो आणि बोट्या मोजून असतात. त्या कुणाच्या ताटात जातात, हे आपल्यापैकी प्रत्येकानं लहानपणी पाहिलेलं आहे. आधी मर्द, मग मुलं, मग सासू. सून पातेलं पुसून खाते. भाजी आणायची तर बाजारात जायला हवं आणि गोशा पाळणारी बाई स्वतः बाजारात जात नसे. घरात जे येईल त्यावर तिचं भागे.

त्या काळी मुस्लिम बायकांच्या आजारांचं खापर पडद्यावर फोडायची डॉक्टरांमध्ये रीतच होती. त्यातला काही भाग खराही होता. अंधाऱ्या खोलीत राहून ऊन न मिळाल्यानं हाडं मऊ पडतात, कंबरेचा सांगाडा वाकडा होतो आणि बाळंतपणात बाई मरते, हे तेव्हाच्या डॉक्टरांनी पाहिलं होतं. पण रक्तक्षयाचं कारण ऊन नव्हतं. विल्स यांचं मोठेपण मला इथे दिसतं. समोर एक तयार उत्तर होतं, ‘मुसलमान बायका, पडद्यातल्या, मागासलेल्या’. त्यावर न थांबता त्यांनी विचारलं की यांच्या जेवणात नेमकं काय नाही? पहिल्या उत्तरानं माणसाला ठपका मिळतो. दुसऱ्या प्रश्नातून औषध सापडण्याची शक्यता असते.

उंदीर, उवा आणि माकडं

पुढचं काम प्राण्यांवर झालं. गरीब मुस्लिम बाई खाते तसं अन्न प्रयोगशाळेतल्या उंदरांना दिलं. उंदीर रक्तक्षयानं मेले. खाण्यात यीस्ट मिसळलं तर वाचले. गणित सुटलं असं वाटण्याजोगी स्थिती होती. पण नीट तपासल्यावर निघालं की उंदरांच्या रक्तात बार्टोनेला नावाचा जंतू होता आणि तो पसरत होता उवांमधून. आहारानं फक्त त्याची तीव्रता बदलत होती. म्हणजे उंदराचा रक्तक्षय आणि बाईचा रक्तक्षय एक नव्हते. एवढी मेहनत बाजूला ठेवून पुन्हा सुरुवात करणं सोपं नसतं. विल्स यांनी ती केली, या वेळी माकडांवर. बिलिमोरिया यांच्यासोबत त्यांनी माकडांना मुंबईच्या गरिबाचा आहार दिला आणि त्यांच्यात हुबेहूब तोच मोठ्या पेशींचा रक्तक्षय उतरला.

मधल्या काळात त्या कुन्नूरला पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आणि मद्रासच्या कास्ट अँड गोशा हॉस्पिटलातही काम करून आल्या. गोशातल्या बायकांना येता यावं म्हणून काढलेलं हे हॉस्पिटल, नावातच आपला शब्द घेऊन उभं.

औषध सापडलं ते एका इंग्रजी बरणीत. मार्माइट हा काळा, चिकट, खारट पदार्थ इंग्रज लोक पावाला लावून खातात. तो यीस्टपासून बनतो आणि यीस्ट येतं बिअरच्या कारखान्यातून, बिअर गाळून उरलेलं. आपल्या वाचकांच्या भुवया इथे उंचावतील. रूप पालटलेली वस्तू आणि जीव वाचवण्याची जरुरत या दोन्ही बाबींवर फिक्हच्या ग्रंथांत जुनी चर्चा आहे, ती आलिमांवर सोडतो. इतिहास एवढाच की हे मार्माइट दिल्यावर रक्तक्षयी बायका उठून बसल्या. त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. १९३१ मध्ये विल्स यांनी हे ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये प्रसिद्ध केलं. कलेजीचा अर्क महाग होता. मार्माइट स्वस्त होतं, गरीब रुग्णाला परवडणारं.

आणखी एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. पाश्चात्त्य रक्तक्षयावर चालणारा कलेजीचा शुद्ध अर्क या रुग्णांवर चालत नव्हता. कच्चा, फारसा न गाळलेला अर्क चालत होता आणि यीस्टही चालत होतं. म्हणजे कलेजीत दोन निरनिराळी द्रव्यं आहेत. एक शुद्ध अर्कात उरतं, दुसरं गाळणीत निघून जातं. या दुसऱ्या अज्ञात द्रव्याला पुढे लोक ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

१९४१ मध्ये अमेरिकेत मिशेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकातून ते वेगळं काढलं. पान म्हणजे लॅटिनमध्ये फोलियम, म्हणून नाव पडलं फॉलिक अ‍ॅसिड. चार-पाच वर्षांत ते लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेत कृत्रिमरीत्या तयार झालं आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते आंध्रातल्या भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव. कलेजीतलं पहिलं द्रव्य, म्हणजे बी-१२, १९४८ मध्ये हाती लागलं. १९६१ मध्ये व्हिक्टर हर्बर्ट या अमेरिकन डॉक्टरानं स्वतःवरच प्रयोग केला. तीन-तीनदा उकळून पाणी फेकलेलं अन्न तो महिनोन्महिने खात राहिला आणि अखेर त्याच्या रक्तात त्याच मोठ्या पेशी दिसल्या. भाजी उकळून पाणी ओतून देणाऱ्या प्रत्येक स्वयंपाकघरानं हा प्रयोग लक्षात ठेवावा.

पुढची वाट सरळ आहे. १९७० मध्ये भारत सरकारनं गरोदर बायकांसाठी लोह आणि फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळ्यांचा कार्यक्रम सुरू केला. १९९१ मध्ये एका आंतरराष्ट्रीय चाचणीनं दाखवलं की गर्भ राहण्याआधीपासून फॉलिक अ‍ॅसिड घेतलं तर बाळाच्या मेंदू-मणक्यातले गंभीर जन्मदोष सुमारे ७२ टक्क्यांनी टळतात. लूसी विल्स १९६४ मध्ये वारल्या. आपल्या शोधाची मजल त्यांनी अर्धीच पाहिली.

वंश की जेवण

विल्स कुन्नूरला गेल्या तेव्हा तिथेच रॉबर्ट मॅकॅरिसन नावाचे लष्करी डॉक्टर दुसरा एक प्रयोग करत होते. इंग्रज राजवटीत ‘लढवय्ये वंश’ आणि ‘दुबळे वंश’ असा एक सिद्धान्त फार चालत असे. मॅकॅरिसननी उंदरांचे गट केले आणि प्रत्येक गटाला हिंदुस्थानातल्या एकेका समाजाचं जेवण दिलं. शीख, पठाण, मराठा, गुरखा, कानडी, बंगाली, मद्रासी. शिखांच्या जेवणावरचे उंदीर सगळ्यात धष्टपुष्ट निघाले, मद्रासी भातावरचे सगळ्यात किडकिडीत. उंदीर मात्र सगळे एकाच जातीचे होते. पोळी, दूध, दही, डाळ, पालेभाजी मिळाली की उंदीर ‘लढवय्या’ होतो, नुसता पांढरा भात मिळाला की होत नाही.

आजही आपल्याबद्दल बोलताना लोक हाच घोटाळा करतात. एखाद्या वस्तीत आजार जास्त दिसला की कारण म्हणून धर्म पुढे केला जातो. पडघा-बोरिवली भागाचं नाव गेल्या काही वर्षांत छाप्यांच्या बातम्यांतच देशाला ऐकू आलं. इथल्या बायकांच्या रक्ताची बातमी कधी होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी आढळल्या. हा आकडा सगळ्या धर्मांचा मिळून आहे. तो एकट्या मुसलमानाचा प्रश्न नाही आणि मुसलमान त्यातून सुटलेलाही नाही.

पुण्याची किरकोळ, पण चरबीदार बाळं

गोष्टीचा दुसरा अर्धा भाग घाटावर घडला. भुकेचा हिशेब मांडण्यात पुण्यानं मोठी हयात घालवली आहे. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दिवसाला २२५० कॅलरी हा मापदंड धरून देशातली गरिबी मोजली. साताऱ्याच्या बुध गावचे पां. वा. सुखात्मे रोमला एफएओमध्ये वीस वर्षं काढून पुण्याला परतले होते. त्यांनी त्यावर हरकत घेतली. त्यांचं म्हणणं असं की माणसाचं शरीर रोज सारख्याच कॅलरी जाळत नाही. ते काही मर्यादेत कमी-जास्त अन्नाशी जुळवून घेतं, तेव्हा सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण भुकेला ठरवता येत नाही. वाद वर्षानुवर्षं चालला. दोन्ही बाजू बोलत होत्या त्या मुख्यतः कॅलरींबद्दल, पोट किती भरलं याबद्दल.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलातले मधुमेहाचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक यांच्यापुढे वेगळंच कोडं होतं. त्यांच्याकडे येणारे मधुमेही तरुण आणि दिसायला बारीक होते. पुस्तकात तर मधुमेह लठ्ठांना होतो असं लिहिलेलं. त्यांनी ब्रिटनमधल्या साउदम्प्टनच्या डेव्हिड बार्कर आणि कॅरोलिन फॉल यांच्यासोबत १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर बायकांचा अभ्यास सुरू केला. जन्मलेल्या बाळांची सरासरी २.७ किलो भरली. साउदम्प्टनच्या बाळांची ३.५ किलो. इथवर नवल नाही. पण टेप आणि कातडीची घडी मोजणारा चिमटा घेऊन बाळाचा प्रत्येक भाग मोजला, तेव्हा दिसलं की आपल्या बाळाचं पोट, दंड, स्नायू सगळं लहान आहे, फक्त पाठीवर कातडीखालची चरबी त्या मानानं शाबूत आहे. बाळाच्या नाळेतल्या रक्तात इन्सुलिनही जास्त. दिसायला किरकोळ, आतून चरबीदार. मधुमेहाची वाट आईच्या पोटातच सुरू झालेली.

२००४ मध्ये लॅन्सेटमध्ये याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. उंची आणि वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकच सांगतो, शरीर दोन वेगळ्या गोष्टी सांगतं. ‘आमच्याकडे कुणी जाडं नाही, आम्हाला शुगर कशी होईल’ असं म्हणणाऱ्या प्रत्येकानं तो फोटो पाहावा.

त्या सहा गावांत आघारकर संशोधन संस्थेच्या शोभा राव यांनी आयांच्या जेवणाचा हिशेब लावला. आईनं किती कॅलरी खाल्ल्या याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध लागला नाही. संबंध लागला तो तीन गोष्टींशी: हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध. वर आलेली १९३० ची यादी आठवून पाहा. परळच्या पाहणीत मुस्लिम बायकांच्या ताटातून ज्या तीन गोष्टी गायब होत्या, त्याच सत्तर वर्षांनी पुण्याजवळच्या खेड्यांत बाळाचा आकार ठरवत होत्या.

एक द्रव्य पुरेसं नाही

मुंबईची आणि पुण्याची गोष्ट इथे एकत्र येते आणि जरा गुंतागुंतीची होते. याज्ञिकांच्या अभ्यासातल्या सुमारे दोन तृतीयांश बायकांमध्ये बी-१२ कमी होतं. फोलेट कमी असलेली बाई मात्र एकच. म्हणजे विल्स यांच्या मुंबईत जे कमी होतं ते इथे पुरेसं होतं आणि कलेजीतलं दुसरं द्रव्य हरवलं होतं. मुलं सहा वर्षांची झाल्यावर पुन्हा तपासली. ज्यांच्या आयांचं फोलेट जास्त आणि बी-१२ कमी होतं, त्या मुलांच्या शरीरानं इन्सुलिनला सगळ्यात जास्त दाद देणं सोडलं होतं. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

यावरून कुणी लाल गोळी टाकून देऊ नये. बाळाच्या मेंदू-मणक्यासाठी ती लागतेच आणि लोहासाठीही. समजायचं ते इतकंच की शरीरात ही दोन द्रव्यं जोडीनं काम करतात. एक भरपूर आणि दुसरं नाही, हे चालत नाही. शिवाय पोर पोटात फार वाढण्याची जी भीती आपल्या बायकांना वाटते, ती उलट्या टोकाची आहे. आपली अडचण बाळ लहान राहण्याची आहे.

बी-१२ मिळतं फक्त प्राण्यांपासून: दूध, अंडं, मासे, गोश्त. म्हणून हा प्रश्न राजकारणात शिरतो. २०१५ मध्ये महाराष्ट्रात बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. गरीब मुसलमान आणि दलितांच्या ताटातलं सगळ्यात स्वस्त गोश्त त्यामुळे दुर्मीळ झालं. बाजू कुणीही कोणतीही घ्यावी, पण ताटातून एक वस्तू काढताना तिच्या जागी काय येणार हे विचारलं गेलं नाही, एवढं तरी मान्य व्हावं. शाळेतल्या जेवणात अंडं द्यायचं की नाही यावरही आपल्याकडे श्रद्धेच्या भाषेत भांडण होतं. रक्ताचा विषय त्यात कुणी काढत नाही.

आपला दस्तरखान

मला यातून स्वतःच्या समाजाला काही सांगायचं आहे. सरकारला सांगण्यासारखं पुष्कळ आहे, ते मी वर सांगितलं. घरातलं आपणच सांगितलं पाहिजे.

पहिली गोष्ट, काळाची. २००६ पासून काही वर्षं मुंबईच्या बांद्रा, खार, सांताक्रूझ, अंधेरीच्या झोपडपट्ट्यांत डॉ. रमेश पोतदार आणि सहकाऱ्यांनी ‘सरस’ नावाचा प्रयोग केला. बायकांना रोज पालेभाजी, फळं आणि दूध घालून केलेला फराळ दिला, तोही गर्भ राहण्याच्या आधीपासून. सगळ्या बायकांचा मिळून बाळाच्या वजनावर फारसा परिणाम दिसला नाही. पण ज्यांनी गर्भ राहण्याआधी निदान तीन महिने खाल्लं, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमनी भरली. गरोदरपणातला मधुमेह जवळपास निम्म्यावर आला. म्हणजे हमल राहिल्यावर बदाम-दूध सुरू करणं उशिराचं आहे. निकाहाच्या तयारीत आपण भांडी, कपडे, फर्निचर मोजतो. मुलीचं हिमोग्लोबिन कुणी मोजत नाही, तिच्या माहेरी नाही आणि सासरीही नाही.

दुसरी गोष्ट, रमजानची. गरोदर आणि दूध पाजणाऱ्या बाईला रोजा पुढे ढकलायची सवलत शरियतनं दिलेली आहे. तरीही ‘मी तर नवव्या महिन्यातही सगळे रोजे केले’ हे आपल्याकडे अभिमानानं सांगितलं जातं आणि नव्या सुनेवर त्याचं दडपण येतं. २०११ मध्ये आल्मंड आणि मजुमदार या दोन अर्थशास्त्रज्ञांनी मिशिगनमधल्या अरब आयांच्या नोंदी तपासल्या. रमजान गरोदरपणात आला तर बाळाचं वजन थोडं कमी भरतं असं त्यांना दिसलं. युगांडा आणि इराकच्या आकडेवारीत मोठेपणी अपंगत्वाचं प्रमाणही थोडं जास्त दिसलं. अशा अभ्यासांवर वाद होऊ शकतात, होतातही. पण जिथे अल्लाहनं सूट दिली तिथे समाजानं सक्ती करावी, याला कोणत्याही अभ्यासाची वाट पाहायची गरज नाही.

तिसरी गोष्ट बाजाराची. पावसाळा लागला की आदिवासी बायका टोपल्यांतून टाकळा, कुर्डू, भारंगी, शेवळं घेऊन येतात. आपल्यातले बरेच जण टोपलीकडे न पाहता पुढे कोंबडीच्या दुकानात जातात. ‘घासफूस’ म्हणून भाजीची टर उडवणं ही आपल्या मर्दांची जुनी खोड आहे. ज्या द्रव्याला पानावरून नाव मिळालं, ते त्या टोपलीत दहा-वीस रुपयांत मिळतं. शिवाय आपल्याकडे गोश्त आणि मासे खाण्याला बंदी नाही. म्हणजे विल्स यांचं द्रव्य आणि याज्ञिकांचं द्रव्य, दोन्ही एका दस्तरखानावर आणणं आपल्याला इतर अनेकांपेक्षा सोपं आहे. अडतं ते वाटपात.

बकरीदला कुर्बानी झाली की सगळ्यात आधी कलेजी शिजते. नमाजहून आलेले मर्द ती पावाबरोबर खातात आणि बायका तोवर गोश्ताचे हिस्से करत बसलेल्या असतात. तीन हिस्से काटेकोर होतात, एक घरचा, एक नातलगांचा, एक गरिबांचा. घरच्या हिश्श्याचे आत पुन्हा हिस्से कसे होतात, याचा हिशेब मात्र कुणी ठेवत नाही. १९३० च्या त्या पाहणीत मुंबईतल्या आपल्या बायकांची नावं आली नाहीत, फक्त त्यांची रिकामी ताटं आली. शंभर वर्षं होत आली. कोणत्याही जुम्याच्या खुतब्यात पाच मिनिटं काढून एवढं विचारावं: काल रात्री तुमच्या घरी सगळ्यात शेवटी कोण जेवलं आणि तिच्या ताटात काय उरलं होतं?